'परिशीलनेयल्लिदे' : एका उत्तराचं आणि एका खटल्याचं प्रकरण

गावाच्या वेशीवरचा एक फलक, चौदा आरोपी आणि कर्नाटक विधानसभेत मिळालेलं दीड पानी उत्तर, एवढाच या प्रकरणाचा ऐवज. फलक २०१७ साली उतरवला गेला. खटला अजून चालू आहे. चौदांपैकी नऊ जणांचं वकीलपत्र माझ्याकडे आहे, त्यामुळे मी तटस्थ आहे असं म्हणण्यात काही अर्थ नाही. आरोपींची, आमदारांची, मंत्र्यांची नावं घालत नाही. गावाचंही नाही, आणि अधिवेशन कोणत्या वर्षीचं तेही नाही. बहुतेक डिसेंबरांत बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, जे भरतं, त्यातलंच एक. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत. लिहायला बसलो ते यासाठी की त्या उत्तरातली जी ओळ गावानं उराशी धरली ती निकामी निघाली, आणि जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं तिनं काम केलं.

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. खालच्या रानात भात, वर लाल मातीत रताळी. घरटी एखादा माणूस मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेला, नाहीतर जायला धडपडणारा. वेशीवर लोखंडी कमान, तिच्यावर गावाचं नाव मराठीत मोठं आणि खाली कन्नडात बारीक. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक काढला गेला आणि मागोमाग लाठीमार झाला, ते सगळ्यांना आठवत असेल. या गावच्या फलकावर 'महाराष्ट्र' हा शब्दच नव्हता. तरी तीन वर्षांनी एका सकाळी जेसीबी येऊन उभा राहिला.

पुढचं सगळं वीस-पंचवीस मिनिटांत उरकलं. रताळ्याच्या बुट्ट्या घेऊन निघालेल्या बायका जेसीबीपुढे बसल्या, पोरं कमानीवर चढली, ढकलाढकलीत एका पोलिसाच्या सदऱ्याची गुंडी तुटली. ही गुंडी पंचनाम्यात आहे, 'दोऱ्यासह एक नग' अशी. घोषणा झाली, कोणती, ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत फिर्याद तयार. भारतीय दंड संहितेची कलमं १४३ बेकायदा जमाव, १४७ दंगा, ३४१ वाट अडवणं, ३५३ सरकारी नोकरावर बळाचा वापर, जोडीला १४९ जमावातल्या प्रत्येकाची जबाबदारी, आणि शेवटी १५३ए.

हे शेवटचं कलम जड. धर्म, जन्मस्थान, भाषा यांवरून गटागटांत वैर वाढवणं. तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. गुंडी तुटली म्हणून ३५३ लागलं हे एकवेळ समजून घेता येतं. आपल्याच गावाच्या नावासाठी आरडाओरडा केला म्हणून दोन भाषिक गटांत वैर माजलं, हे मला आजही पटत नाही. पण माझ्या पटण्याला न्यायालयात काही भाव नाही.

१५३एची एक गोम आहे, आणि हे सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायालयानं या गुन्ह्याची दखल घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागते. पोलिसांनी कलम लावलं, आरोपपत्र टाकलं, एवढ्यानं भागत नाही. सरकारची सही असलेला कागद लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम २१७ मध्ये आली आहे. म्हणजे 'कायदा आपलं काम करील, त्यात सरकारचा काय संबंध' हे वाक्य, जे कुठल्याही पक्षाच्या मंत्र्याच्या तोंडी कायम तयार असतं, ते या कलमापुरतं तरी खरं नाही. इथं सरकारनं सही केल्याशिवाय कायद्याला कामच सुरू करता येत नाही.

आमच्या आरोपपत्राला तो कागद जोडलेला नव्हता. 'परवानगी मागितली आहे, आली की हजर करू' असं सरकारी वकील सांगत राहिले आणि तारखा पडत राहिल्या. मी तोंडी हरकत घेतली होती. लेखी अर्ज तेव्हाच टाकायला हवा होता; टाकला नाही. चौदा जण एका तारखेला कधी गोळा होत नव्हते, कुणी गोव्याला कामावर, कुणी पुण्याला. पण ही सबब झाली. खरं कारण माझी चालढकल.

गावाला घाई होती ती आरोपी क्रमांक ९ मुळे. घटना घडली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. रोज पहाटे उठून धावायचा, भरतीच्या मैदानात पहिल्या दहात यायचा. आणि प्रत्येक वेळी पोलीस पडताळणीच्या रकान्यात हा खटला आडवा यायचा. शिक्षा झालेली नाही, दोष सिद्ध नाही, नुसतं 'प्रलंबित'. भरतीचं वय मात्र कुणासाठी प्रलंबित राहत नाही. त्याची आई एका कार्यकर्त्याला सोबत घेऊन आमदारांच्या घरी जाऊन बसली, आणि तिथून विधानसभेत प्रश्न विचारायची कल्पना निघाली.

प्रश्नाचा मसुदा माझ्या ऑफिसात झाला. मी मराठीत लिहून दिला, एका कन्नड मित्रानं तो विधानसभेच्या भाषेत बसवला. गावच्या मंडळींना प्रश्न मराठीतच हवा होता. एक आजोबा तर हट्टालाच पेटले, "आमच्या पोरांचा प्रश्न आमच्या भाषेत का नको?" घटनेच्या कलम २१० मध्ये सोय आहे, पण ती वेगळ्याची: राज्याची राजभाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कशातच ज्याला नीट बोलता येत नाही, अशा सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची मुभा देऊ शकतात. आमदारांना कन्नड उत्तम येत होतं. विषय तिथंच मिटला. आजोबा मिटले नाहीत, पण ते जाऊ दे.

प्रश्नाला चार पोटप्रश्न. कन्नड रीतीप्रमाणे अ, आ, इ, ई. पहिला: बेळगाव जिल्ह्यात भाषिक आंदोलनांत भाग घेतलेल्या गावकऱ्यांवर खटले प्रलंबित असल्याचं सरकारच्या ध्यानात आलं आहे का? दुसरा: असल्यास किती, कोणत्या टप्प्यावर, आणि जिथं परवानगी लागते तिथं ती दिली आहे का? तिसरा: ते मागे घेणार का, कधी? चौथा गावाच्या आग्रहावरून घातलेला: फलकांवरच्या भाषेबद्दल जो कायदा येऊ घातला आहे तो मंजूर झाल्यावर या खटल्यांचं काय?

दुसऱ्या पोटप्रश्नातलं परवानगीचं शेपूट मी घातलं होतं. खूप विचार करून घातलं असं सांगायला आवडलं असतं. सवयीनं घातलं.

प्रश्न तारांकित म्हणून लागला, हे आमचं नशीब. अतारांकित असता तर नुसता छापील कागद मिळाला असता. तारांकिताला मंत्र्यांना उठावं लागतं आणि पुरवणी प्रश्न विचारता येतो. हलगा-बस्तवाडजवळच्या त्या प्रचंड इमारतीत प्रेक्षक दालनाचे पास मिळवून गावातले सहा जण गेले. मीही गेलो. ही इमारत २०१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपतींच्या हस्ते उघडली. ती इथंच का बांधली, हे बेळगावात लहान पोरालाही ठाऊक आहे: बेळगाव कर्नाटकाचंच, हे ठसवायला. तिच्या अधिवेशनाला उत्तर म्हणून महाराष्ट्र एकीकरण समिती टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर महामेळावा जाहीर करते, पोलीस परवानगी नाकारतात, धरपकड होते. आमच्या सहा जणांपैकी दोघे आयुष्यभर मेळाव्याला जात आलेले. सुवर्णसौधात पाऊल टाकताना त्यांनी चपला पायरीवर दोनदा झटकल्या. देवळात शिरताना झटकतात तशा, की परक्याच्या घरात शिरताना झटकतात तशा, मला कळलं नाही.

सभागृहात आमच्या वाट्याला तीनेक मिनिटं आली. आमदारांनी प्रश्नाचा क्रमांक उच्चारला, मंत्र्यांनी उठून उत्तर दिलेलं आहे असं रीतीप्रमाणे सांगितलं. आमदारांनी एकच पुरवणी प्रश्न विचारला, तोही विधेयकाबद्दल. मंत्र्यांनी विधेयकावर सगळ्यांची मतं घेऊ आणि खटल्यांचा विषय तपासून पाहू, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. बाहेर येताच फोनाफोनी सुरू झाली आणि आम्ही बेळगावात पोहोचायच्या आत गावात बातमी गेली होती: मंत्री केस मागं घेतो म्हणाले.

उत्तराचा कागद मी रात्री वाचला. दोन रकाने, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. कन्नड विधिमंडळाची ही शैली वाचायची सवय लागली की तिच्यात एक प्रकारची मजा येऊ लागते. (अ) 'सर्कारद गमनक्के बंदिदेये?' सरकारच्या ध्यानात आलंय का? उत्तर एका शब्दाचं: 'बंदिदे.' आलंय. (आ) समोर 'अनुबंधदल्लि ओदगिसिदे', म्हणजे परिशिष्टात दिलं आहे. (इ) मागे घेणार का? 'परिशीलनेयल्लिदे.' (ई) समोर 'उद्भविसुवुदिल्ल', प्रश्न उद्भवत नाही.

गावानं धरला तो तिसरा शब्द. आणि यात त्यांची चूक नाही, चूक दोन भाषांच्या शेजाराची आहे. मराठीत परिशीलन म्हणजे सखोल अभ्यास. ग्रंथाचं परिशीलन, ज्ञानेश्वरीचं परिशीलन. कन्नड सरकारी भाषेत 'परिशीलनेयल्लिदे' म्हणजे विचाराधीन, आणि विचाराधीन म्हणजे काय हे दोन्ही भाषांत सारखंच. दुसऱ्या दिवशी आरोपी क्रमांक ४ चा फोन.

"वकीलसाहेब, परिशीलन म्हंजे मंत्री सोता कागद वाचूलागलेत न्हवं?"

"तसं नाही तात्या. बघतो म्हणालेत, एवढंच."

"बघतो म्हणाले म्हंजे झालंच की. मग आता तारखेला कशाला यायचं? एक दिवसाचा खाडा पडतोय."

मी समजावलं. ते हो म्हणाले. आणि पुढच्या तीन तारखांना ते आणि आणखी एक जण आलेच नाहीत. पकड वॉरंट निघालं. दुसरा जो होता त्याला उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या फाटकावर पाळी सुटताना उचललं, अंगावरची काजळी धुवायच्या आत. वॉरंट रद्द करून घ्यायला दंड भरावा लागला आणि मालकानं त्याला महिनाभर कामावर घेतलं नाही. विधानसभेतल्या एका शब्दाची ही रोख किंमत, ज्यानं तो शब्द कधी ऐकलाही नव्हता त्यानं मोजलेली.

इथं खटला मागे घेण्याचा रस्ता सांगायला हवा, कारण आमच्याकडे शिकलेली माणसंही इथं चुकतात. सरकार खटला मागे घेत नाही. प्रस्ताव गृहखात्याकडे जातो, मंत्रिमंडळाची उपसमिती बघते, मंत्रिमंडळ ठरवतं, आदेश निघतो. इतकं होऊनही झालेली असते ती फक्त सरकारची इच्छा. त्यानंतर त्या खटल्यातल्या सरकारी वकिलानं जुन्या संहितेच्या कलम ३२१ खाली अर्ज करायचा, तोही कागदपत्रं स्वतः बघून, स्वतःच्या बुद्धीनं. आणि न्यायालयानं संमती दिली तरच खटला मागे. सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २०२१ मध्ये केरळ विधानसभेतल्या धुडगुसाच्या खटल्यात, जिथं आरोपी खुद्द आमदार होते, तिथंही सरकारला खटला मागे घेऊ दिला नाही. नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय संमती देऊ नये अशी भर पडली आहे. आमचा खटला १ जुलै २०२४ च्या आधीचा, त्यामुळे त्याला जुनीच संहिता लागू. म्हणून सभागृहातला मंत्री, त्याच्या मनात खरंच असलं तरी, तिथं उभं राहून कुणाचा खटला मागे घेऊ शकत नाही. तो फार तर पहिल्या पायरीकडे बोट दाखवू शकतो.

'विचाराधीन'चा एक उपयोग मात्र होता. लोकसभेची सरकारी आश्वासनांची समिती 'विचाराधीन आहे' हे शब्द आश्वासन म्हणून नोंदवून घेते आणि पाठपुरावा करते. कर्नाटक विधानसभेतही अशी समिती आहे, 'भरवसेगळ समिती'. आमदारांना तिच्याकडे जायला सांगितलं. पत्र लिहितो म्हणाले. मग निवडणूक आली.

आता चौथा पोटप्रश्न. गावाची समजूत अशी होती की नव्या कायद्यात कन्नडाला मोठा हिस्सा दिला की उरलेल्या जागेत मराठी कायदेशीर होईल, आणि आपला फलक कायदेशीर झाला की केस आपोआप पडेल. समजूत भाबडी, पण तिच्यात तर्क आहे. प्रत्यक्षात कन्नड भाषा समग्र अभिवृद्धी कायदा, २०२२ आणि त्याची २०२४ ची दुरुस्ती, जिनं फलकावर ६० टक्के कन्नड आणलं, ती दुकानं, उद्योग, रुग्णालयं, हॉटेलं अशा आस्थापनांच्या पाट्यांसाठी आहे. वेशीवरच्या कमानीचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय खटला फलकाचा नव्हताच, जेसीबी अडवल्याचा होता. आणि या दुरुस्तीचा प्रवासही बघण्यासारखा: जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं वटहुकूम काढायला घेतला, राज्यपालांनी तो परत पाठवला, मग फेब्रुवारीत विधेयक आणून मंजूर करून घेतलं. विधानसभेत पडून असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की बुडतं; घटनेच्या कलम १९६ मध्ये तसं लिहिलेलंच आहे. खटला मात्र कुठल्याही विसर्जनात बुडत नाही.

तर परिशिष्ट. ते मी फार उशिरा उघडलं, तेही वॉरंटाच्या गडबडीत तिसराच कागद शोधताना. आडवी छापलेली दोन पानं, बारीक अक्षर. पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, टप्पा. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'अभियोजन पूर्वानुमती', म्हणजे खटल्यासाठी लागणारी सरकारची परवानगी. आमच्या गुन्हा क्रमांकासमोर एक शब्द: 'बाकी'. हा शब्द मराठीला समजावून सांगावा लागत नाही, वाण्याच्या वहीत असतो तोच. आरोपपत्र दाखल होऊन वर्षं उलटली होती, १५३ए सकट तारखा पडत होत्या, आणि सरकारनं विधानसभेत स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की परवानगी आम्ही अजून दिलेली नाही.

विधानसभा सचिवालयातून प्रमाणित प्रत मागवली. विधिमंडळाच्या कामकाजाची छापील नोंद पुराव्यात दाखल करता येते. पुरावा कायद्याच्या कलम ७८ मध्ये त्याची सोय होती. कलम २३९ खाली दोषमुक्तीचा अर्ज टाकला, या वेळी लेखी. सरकारी वकील नेहमीचं म्हणायला उभे राहिले, परवानगी येत आहे. न्यायाधीशांनी ते पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि रकान्यावर पेन्सिल टेकवली. वकिलांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. माणूस भला; नंतर व्हरांड्यात मला म्हणाले, "तुमच्या मंत्र्यानंच मारलं की हो मला." १५३ए मधून चौदाही जण मुक्त झाले. बाकीची कलमं राहिली.

आरोपी क्रमांक ९ ला याचा उपयोग झाला नाही. पडताळणीच्या रकान्यात ३५३ शिल्लक होतंच, आणि तोवर वय निघून गेलं होतं. तो आता टेम्पो चालवतो, आठवड्यातून तीनदा चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं ४३ खटले मागे घ्यायचा आदेश काढला तेव्हा गावातून पुन्हा फोन आले, त्या ४३ मध्ये आपली केस आहे काय म्हणून. नव्हती. त्यात हुबळीतल्या २०२२ च्या दंगलीचा खटला होता, त्यावरून गदारोळ झाला, आणि मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो आदेशच रद्द केला. मी तात्यांना सांगितलं, "बघा, मंत्र्यांनी ठरवलं, आदेश काढला, तरी टिकलं नाही." त्यांना दिलासा वाटला की वाईट, सांगता येत नाही. "म्हंजे आमचं झालं असतं तरी गेलंच असतं म्हणा," एवढंच बोलले.

डिसेंबर २०२५ च्या बेळगाव अधिवेशनात द्वेषपूर्ण भाषण आणि द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्यात धर्म-जातीबरोबर भाषाही आहे, आणि शिक्षा एक ते सात वर्षं. म्हणजे १५३एच्या तीन वर्षांच्या दुपटीहून जास्त. पुन्हा फोन: आपल्यावर हे लागणार काय? लागणार नाही. घटनेच्या कलम २० प्रमाणे गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता, त्याहून जड शिक्षा मागाहून लावता येत नाही. हे सांगितल्यावर पलीकडून थोडा वेळ आवाज नाही. मग, "आणि पुढच्या वेळी घोषणा दिली तर?" त्या प्रश्नाला मी फोनवर उत्तर दिलं नाही, ऑफिसात या म्हटलं.

चौदांतले एक गेल्या पावसाळ्यात वारले. तेच ते, मराठीत प्रश्न हवा म्हणून हटून बसलेले आजोबा. त्यांच्यापुरता खटला संपला. मृत्यूचा दाखला मीच हजर केला. मागच्या तारखेला चन्नम्मा चौकाजवळच्या न्यायालयात पुकारा झाला तेव्हा शिपायानं जुन्याच यादीवरून वाचायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. आजोबांच्या नावावर आला, नाव नेहमीसारखंच कन्नड हेल काढून उच्चारलं, आणि कुणी हात वर करत नाही म्हणून पुन्हा उच्चारलं. मागच्या बाकावरून आरोपी क्रमांक ९ उठला. टेम्पो बाहेर लावून आला होता, हातात किल्ली.

"ते न्हाईत," म्हणाला. "पुढचं घ्या."